चिखलदऱ्याला, नमस्कार म्हणत

चिखलदऱ्याला जायचं सुखदेवनी ठरवलं. मी फक्त एक अट घातली.

सुखदेव माझे पती. बोलताना मी त्यांचं नाव घेत नाही, लिहिताना घेते. लग्नानंतरचा आमचा दुसरा हिवाळा होता. साल एकसष्ट असावं. ते अकोल्यात सरकारी कचेरीत कारकून होते आणि मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. नाताळची सुट्टी त्या वर्षी रविवारला लागून आली. एका संध्याकाळी ते घरी आले आणि टोपी खुंटीला अडकवत म्हणाले, "माणसं हवा खायला जातात. आपण कधी गेलो नाही."

"कुठे जातात?"

"चिखलदऱ्याला. अर्धी कचेरी जाऊन आलीय."

राहायची सोयही त्यांनी बघून ठेवली होती. तिथे एक विधवा बाई उन्हाळ्यात दोन खोल्या भाड्यानं देत. हिवाळ्यात त्या रिकाम्याच असत. जेवण बाईंकडेच. कचेरीतल्या एका स्नेह्यानं निरोप पाठवला होता.

"आपल्याबद्दल काय सांगितलंय त्यांना?" मी विचारलं.

"नवरा-बायको येताहेत म्हणून."

"एवढंच?"

"आणखी काय सांगायचं असतं?"

आणखी काय, ते दोघांनाही माहीत होतं. आम्ही बौद्ध. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली त्या दिवसापासून सुखदेवनी रामराम म्हणणं सोडलं होतं. वऱ्हाडात दोन अनोळखी माणसं भेटली की आधी रामराम होतो, मग बोलणं. सुखदेव त्याला जयभीमनं उत्तर देत. आमच्या वस्तीत त्यात विशेष काही नव्हतं. कचेरीला सवय झाली होती. पण माझ्या माहेरी, तेल्हाऱ्याला, एका दुकानदारानं ते उत्तर ऐकून तराजूतलं मीठ परत पोत्यात ओतलेलं मी पाहिलं होतं. त्याच्या हातात राग नव्हता. त्यानं ते अगदी सावकाश ओतलं. तेव्हापासून कुणी परका माणूस रामराम म्हणाला की मी दुसरीकडे बघते. सुखदेव आता काय म्हणतील, आणि मग काय होईल.

आणि चिखलदरा डोंगरावर. तिथून बाहेर काढलं, तर खाली यायला दुसऱ्या दिवशीपर्यंत मोटार नाही. भोवती जंगल.

"तीन दिवस नमस्कार म्हणायचं," मी म्हणाले. "नमस्कार कुणाचाही नसतो."

"आणि सरळच विचारलं तर?"

"तर खोटं बोलायचं नाही."

त्यांनी खुंटीवरची टोपी सरळ केली. मग म्हणाले, "बरं. तीन दिवस."

सासूबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. "पैसे देऊन थंडी खायाले चालले," त्या म्हणाल्या. "थंडी त आपल्या घरात फुकट हाय."

*

शनिवारी पहाटे निघालो. अकोल्याहून मोठ्या गाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून अचलपूरची छोटी गाडी. अकोटवरून मोटारीनंही जाता येतं आणि वेळ कमी लागतो. पण घाई नसेल तर छोट्या गाडीनंच जावं. ती इतकी सावकाश चालते की रुळांजवळच्या शेतातली माणसं डब्यातल्या माणसांशी बोलणं पुरं करतात. दोन्ही बाजूंना काळी जमीन. कापूस अर्धा वेचलेला, अर्धा झाडावर. धुकं जमिनीला टेकून होतं आणि त्यात कापूस वेगळा दिसत नव्हता.

समोरच्या बाकावर एक शेतकरी आणि त्याची बायको होती. पायांशी बोरांचं गाठोडं. गाडी हलली तशी तो म्हणाला, "रामराम."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

"नमस्कार," सुखदेव म्हणाले.

"कोठी चालले?"

"चिखलदऱ्याला."

"बदली झाली काय?"

"नाही. पाहायला."

"काय पाहाले?"

"डोंगर," ते म्हणाले.

"डोंगर!" तो बायकोकडे वळला. "आयकलं काय वो? डोंगर पाहाले चालले. तिकीट काढून."

"मंग तुमच्यावानी जिनिंगचा भोंगा आयकत बसतीन काय?" ती म्हणाली. "मले त तुमी अजून अकोट नाई दाखवलं." तिनं गाठोडं सैल केलं आणि माझ्या ओंजळीत बोरं ओतली. तिची बोटं माझ्या हाताला लागली. मग तिनं विचारलं, "कोनते लोक वो तुमी?"

बोरं माझ्या हातात होती. मी एकही तोंडात टाकलं नव्हतं.

"अकोल्याचे," मी म्हणाले.

"तसं नाई. कोनते?"

"सरकारी," सुखदेव म्हणाले.

शेतकरी एवढा हसला की त्याला ठसका लागला. "बेस सांगतलं! सरकारी! आता तेच सगळ्याइत मोठी जात हाय!" बायकोही हसली. डब्यातले आणखी दोघे हसले. मीही हसले. बोर आंबट होतं.

दर्यापूरला ती दोघं उतरली. "वाघाले आमचा रामराम सांगा," तो जाताना म्हणाला. गाडी सुटल्यावर सुखदेव माझ्याकडे न बघता म्हणाले, "खोटं नव्हतं ते."

"खरंही नव्हतं."

"तीन दिवस," ते म्हणाले.

अचलपूरला उतरून टांग्यानं परतवाड्याला यावं लागतं. मोटारतळाजवळ पातळ चहा मिळतो आणि चांगली भजी मिळतात. स्वेटर इथेच घालून घ्यावा, कारण वर पोहोचेपर्यंत बोटं काम देत नाहीत. मोटार घाटाला लागली तसा कंडक्टर उभा राहिला. "वाघ दिसला त कोनी बोंबलू नका," तो म्हणाला. "त्याले वाटते, मोटारीत आपल्यासाठी काही आनलं हाय."

"अन् वर चढला त?" मागून कुणी विचारलं.

"चढू दे. तिकीट फाडतो त्याचं. परतवाड्यापासून."

मोटार हसली. वळणं अरुंद होती आणि दरीकडच्या बाजूला कठडा नव्हता. सागाची पानं हाताएवढी, वाळलेली, चाकांखाली मोडत होती. एका वळणावर झुडपात काही हललं आणि सगळे एकदम गप्प झाले. एका म्हातारीनं माझा हात धरला. ती कोण, मी कोण, तिनं विचारलं नाही. वाघाची भीती मला बरी वाटली. ती सगळ्यांना सारखी होती.

*

बाईंना सगळं गाव आत्याबाई म्हणत असे. ठेंगणी, रुंद, डोक्यावरून पदर, हातात चिमटा. घर गावाच्या टोकाला, पत्र्याचं. मागं आमची खोली, त्यात दोन खाटा आणि एक लोखंडी शेगडी. पुढं ओटा, आत माजघर आणि त्याच्या आत स्वयंपाकघर.

"रामराम," दारातच त्या म्हणाल्या.

"नमस्कार," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"शाळेतल्या पोराइवानी एकदम काहून बोलता?" त्यांनी आम्हाला वर-खाली पाहिलं. "या. आंग धुवाले कढत पानी ठेवलं हाय."

दिवे लागायच्या वेळी त्यांनी मला हाक मारली. "नवऱ्याले राहू दे शेगडीपाशी. तू इकडे ये, चुलीजवळ."

मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले. चूल मोठी होती, तिच्यात सागाचं लाकूड जळत होतं. एका कोपऱ्यात देव मांडलेले, समोर निरांजन. उतरंडीशेजारी पितळेच्या दोन घागरी, झाकलेल्या. मी उंबरठ्याच्या आत पाय ठेवला आणि तिथेच खाली बसले.

"इतकी दूर काहून? उंबरठा गरम हाय काय?"

मी थोडी पुढं सरकले. आणखी थोडी. चुलीची धग गुडघ्यांना लागली. दिवसभराची थंडी अंगातून निघू लागली आणि तिच्या जागी दुसरं काही भरत गेलं. परक्या माणसाचा राग मला ठाऊक होता, त्याची तयारी होती. मायेची तयारी नव्हती. त्या जे जे देत होत्या, ते कळल्यावर परत घेतील असं वाटत होतं. ताट मी उष्टं केलेलं असेल. चुलीजवळ बसलेली असेन. ते कसं परत घेणार? म्हणजे काय करतील?

त्यांनी ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. भरीत त्यांनी निखाऱ्यात भाजलेल्या वांग्याचं केलं होतं. इतकं चांगलं भरीत मी नंतर खाल्लेलं नाही. त्या संध्याकाळी मात्र ते मला कळलं नाही.

खोलीत आल्यावर सुखदेव म्हणाले, "विचारलं?"

"नाही."

"मग घाबरलीस कशाला?"

"नाही विचारलं म्हणून."

*

रविवारी सकाळी गवत पांढरं होतं. दव गोठलं होतं. आम्ही एकच घोंगडी दोघांच्या खांद्यांवर घेतली आणि निघालो. गावाबाहेर कॉफीचे मळे आहेत. त्या दिवसांत फळं लाल होतात आणि तोडणी चालू असते. आत जायला कुणी अडवत नाही, फक्त फळांना हात लावू नये. पुढं कडे सुरू होतात. एका कड्यावरून गाविलगडाची तटबंदी दिसते. गडावर जायचं तर सकाळीच निघावं, भाकरी आणि पाणी बरोबर घ्यावं. आम्ही गेलो नाही. आम्हाला कुठे पोहोचायचं नव्हतं.

अकोल्यात रस्त्यानं जाताना सुखदेव चार पावलं पुढं चालत आणि मी मागं. तशी रीत होती. इथे बघणारं कुणी नव्हतं, म्हणून बरोबरीनं चाललो. पहिल्यांदा जमेना. पावलं जुळत नव्हती, घोंगडी एकीकडे ओढली जात होती. मग जमलं. डोक्यावर लाकडाच्या मोळ्या घेतलेल्या काही कोरकू बाया समोरून आल्या. आमच्याकडे बघून आपसात काही बोलल्या आणि हसत हसत गेल्या. सुखदेवनी घोंगडी सोडली नाही.

भीमकुंडाशी एक वाटाड्या लोकांना गोष्ट सांगत होता. कीचकाला मारून भीमानं इथे हात धुतले. पाणी खूप खाली, निळं आणि स्तब्ध होतं. सुखदेव माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आपला वेगळा. त्यांनी पुस्तकं वाचली." मी चटकन मागं पाहिलं. वाटाड्यानं ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. मी मात्र परत येईपर्यंत मागं बघत राहिले. सुखदेवना ते कळलं. "तू दरीकडे बघतच नाहीस," ते म्हणाले. "माणसांकडेच बघतेस."

खरं होतं. चिखलदऱ्याच्या दऱ्या मला विचाराल तर मी सांगू शकणार नाही.

संध्याकाळी मी पुन्हा चुलीजवळ होते. आत्याबाईंनी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं होतं. आमचं बोलणं चाललं होतं, म्हणजे त्यांचं चाललं होतं. त्यांचे यजमान लाकडाच्या ठेक्यात होते आणि थंडीच्याच दिवसांत गेले. मूलबाळ नाही. उन्हाळ्यात माणसं येतात, हिवाळ्यात चूल आणि त्या.

"माहेर कोनतं तुयं?"

"तेल्हारा."

"तेल्हाऱ्याले माही नणंद होती. कोनाच्या घरची तू?"

मी नाव सांगितलं. आडनाव तसं होतं की दोन्हीकडे चालेल. त्यांनी मान हलवली. मग पिठात हात घालून म्हणाल्या, "त्या घागरीतलं पानी घे. परातीत टाक."

मी उठले. घागरीजवळ गेले. वर ताटली होती, ताटलीवर तांब्या उपडा. आता हात लावला आणि उद्या कळलं, तर फसवून बाटवलं असं होईल. नाही लावला तर आताच कळेल. त्यांनी मला विचारलं नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं होतं. आणि अट माझीच होती.

"आत्याबाई," मी म्हणाले, "आम्ही बौद्ध आहोत."

चुलीतलं लाकूड फुटलं. बाहेर खोलीच्या बाजूनं सुखदेव खोकले.

"म्हंजे आधीचे..." त्यांनी वाक्य सोडलं.

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग परातीकडे पाहिलं. "मंग पानी टाक न," त्या म्हणाल्या. "पीठ कोरडं घेऊन कवाची बसली मी."

मी घागरीवरचं झाकण काढलं, तांब्या बुडवला, पाणी ओतलं. थोडं जमिनीवर सांडलं. त्यांनी पीठ मळलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. नेहमीपेक्षा कमी बोलल्या का? मला सांगता येणार नाही. भाकरी पापुद्रा सुटून फुगली. ती त्यांनी माझ्या ताटात घातली.

मी हे सुखदेवना सांगितलं तेव्हा ते खाटेवर बसले. सगळं पुन्हा सांगायला लावलं. त्या काय म्हणाल्या, कशा म्हणाल्या. मग ते हसले. मी त्यांना असं हसताना लग्नातही पाहिलं नव्हतं.

*

सोमवारी उजाडता उजाडता मी पाणी आणायला मागच्या दारी गेले. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत्याबाई आत सारवत होत्या. चूल आणि तिच्या भोवतीची जमीन झाली होती, उतरंडीची जागा झाली होती. घागरी रिकाम्या करून बाहेर काढल्या होत्या. त्या गुडघ्यांवर मागं सरकत दाराकडे येत होत्या. मी बसत होते ती जागा ओली होती. शेणाच्या ताज्या सारवणातून थंडीत वाफ निघत होती.

मी पाणी न घेता परत आले.

निघताना आत्याबाई ओट्यावर आल्या. हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. "कॉफीच्या बिया बांधून ठेवल्या तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. "तथून उचल वो माय. माहे हात असे हायत."

ओट्याच्या कडेला फडक्याची पुरचुंडी होती. मी उचलली.

"जयभीम, आत्याबाई," सुखदेव मोठ्यानं म्हणाले. तीन दिवस अजून संपले नव्हते.

"हो बाबा," त्या म्हणाल्या. "घाटात खिडकी लावून घ्या. पोरीले वारा लागते." त्यांनी दंडानं डोळ्यांवरचे केस मागं सारले आणि आम्ही वळणाआड जाईपर्यंत त्या उभ्या होत्या.

परतीला आम्ही अमरावतीवरून आलो. परतवाड्याहून मोटार दुपारी पोहोचते आणि मध्ये पुष्कळ वेळ असतो. वडाळीचा तलाव पाहावा. शहरातली माणसं संध्याकाळी तिथे फिरायला येतात. पाणी शांत, काठाला झाडं, हिवाळ्यात पक्षी उतरतात. सुखदेव एका हॉटेलात सरळ आत गेले, मधल्या टेबलाशी बसले आणि मोठ्यानं दोन चहा सांगितले. एरवी ते दाराजवळ बसत. मी कपाकडे पाहत होते. पोऱ्यानं सगळ्यांना दिला तसाच कप आम्हाला दिला. इथे आम्हाला कोण ओळखणार होतं.

"माणसं बदलताहेत," काठावर बसल्यावर सुखदेव म्हणाले. "आपणच सांगायला भितो."

मी पुरचुंडी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना खिडकीचं सांगावं असं मनात आलं. सूर्य पाण्यावर होता आणि त्यांचा चेहरा उजळला होता. मी पुरचुंडीची गाठ घट्ट केली. बडनेऱ्याहून रात्रीची गाडी मिळाली.

*

सुखदेवनी ती गोष्ट वस्तीत सगळ्यांना सांगितली. प्रत्येक वेळी आत्याबाईंचं वाक्य त्यांच्याच बोलीत म्हणून दाखवायचे, 'मंग पानी टाक न.' ऐकणारे हसायचे, मान हलवायचे. पहिल्या दिवशी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "अन् तुमी निंगाल्यावर तिनं घर सारवलं असंन."

"आई, तुला कुणाचं चांगलं दिसतच नाही," सुखदेव म्हणाले. "हिला विचार. ही तिथे होती." ते माझ्याकडे वळले. "सांग की."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"सोमवार होता," मी म्हणाले. "सोमवारी पुष्कळ घरी सारवतात."

सासूबाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाकळी सोलायला घेतली. मग सुखदेवनी उठून चुलीवर पाणी ठेवलं आणि आत्याबाईंच्या बिया भाजायला घेतल्या. त्या करपल्या. तरी आम्ही ती कॉफी प्यालो.

चिखलदऱ्याला जायचं तर हिवाळ्यात जावं. गर्दी नसते, हवा स्वच्छ असते, कॉफीची फळं लाल असतात. गरम कपडे वाटतात त्याच्या दुप्पट न्यावे. दोघांनी जावं आणि रस्त्यावर कुणी नसेल तेव्हा बरोबरीनं चालावं.

आत्याबाई एरवीही सोमवारी सारवत असतील. मला ते कळायला एकच मार्ग आहे. शनिवारी मी पहिल्यांदा त्या उंबरठ्यावर बसले, तेव्हा सारवण मागच्या सोमवारचं, जुनं होतं की दोन दिवसांपूर्वीचंच, ते आठवायला हवं. घरी सारवताना, शेणाचा वास आला की मी आठवून पाहते. चूल आठवते. झाकलेल्या घागरी आठवतात. जमिनीकडे मी पाहिलंच नव्हतं.